वाणात गेलेले कारभारी

शालननं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आम्ही वाकळ पिळली. वाकळ पिळायला दोन माणसं लागतात. एकानं एका बाजूला पीळ द्यायचा, दुसऱ्यानं उलट बाजूला. पण ती जिकडं पिळायची तिकडंच मी पिळायचो. मग वाकळ दोघांच्या मध्ये नुसती गरगर फिरायची आणि पाणी काही निघायचं नाही. त्या दिवशीही तसंच झालं.

"अवो, माझ्या उलट पिळा की," ती म्हणाली. "एरवी तर कायम माझ्या उलटच असता."

कशीबशी पिळून वाकळ घरामागच्या परड्यातल्या दांडीवर टाकली आणि मी म्हशीकडं गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवून कलंडली, ती उठली नाही. वाकळ अजून पुरती वाळलीसुद्धा नव्हती.

त्यानंतर मी कुठं गेलो नव्हतो. लग्नाला नाही, बारशाला नाही. म्हस आणि मी. अशा माणसानं प्रवासाचं लिहावं म्हणजे गंमतच. काश्मीर, काशी मी बघितलेली नाही. येळ्ळूर ते निपाणी, एवढाच माझा प्रवास. पण ज्या कामाला मी गेलो, त्या कामाला ह्या भागात आजवर कुणी गेलं नसणार, म्हणून लिहितोय. चौथीपर्यंत शिकलोय. चुकलं असेल ते नीट करून वाचा.

काम काय ते आधी सांगतो.

आमची संगी अमेरिकेत असते. तिनं तिकडच्याच पोराशी लग्न केलं. जावई गोरा आहे, भाकरी खातो, उलटं बोलत नाही. ह्याच्या वर जावयाकडून मला काही नको. संगीच्या बाळंतपणाला शालन सहा महिने तिकडं गेली होती. मी गेलो नाही. म्हशीला विमानात घेत नाहीत.

तिथं घरात आमचे व्याही पण असायचे. नाव रॉय. बायको वारलेली. शालन त्यांना रॉयअण्णा म्हणायची. त्यांना मराठी येत नाही, हिला इंग्लिश येत नाही. पण रविवार आला की दोघं टीव्हीसमोर बसून त्यांच्याकडचा फुटबॉल बघायचे. त्याला फुटबॉल म्हणतात खरं, पण चेंडूला पाय फारसा कुणी लावत नाही. हातात धरून पळतात. चेंडूही गोल नाही, रताळ्यासारखा. शालन मला फोनवर समजावून सांगायची. "दोन्हीकडनं गडी एकमेकांच्या अंगावर जात्यात. मागं एक गडी उभा असतोय. चेंडू पहिला त्याच्या हातात येतोय. कुणाला द्यायचा, कुठं फेकायचा, समदं त्यो ठरवतोय. बाकीचे त्याच्यापायी मार खात्यात. त्यो कारभारी."

"आणि कारभाऱ्याला कोण मारतंय का?"

"त्यालाच तर समदे मारायला बघत्यात. म्हणून तर बघायला बरं वाटतंय," ती म्हणाली.

रॉयअण्णांकडं त्या खेळातल्या जुन्या कारभाऱ्यांचे फोटो होते. पत्त्याएवढे, जाड कागदाचे. ते लहान असताना चघळायच्या गोंदाच्या पाकिटात असा एकेक फोटो यायचा म्हणे. माणसानं म्हातारपणापर्यंत ते जपून ठेवलेले. शालन परत निघाली तेव्हा त्यांनी त्यातले नऊ निवडून तिच्या हातात दिले. विहिणीला साडी द्यायची सोडून त्यांनी कारभारी दिले.

ती आली तेव्हा संक्रांत तोंडावर होती. आमच्याकडं संक्रांतीला सवाष्णी हळदीकुंकू करतात आणि एकमेकींना काहीतरी बारीकसारीक वस्तू देतात, त्याला वाण म्हणतात. शालन म्हणाली, "वाटी आणि कंगवा सगळ्याच देत्यात. मी अमेरिकेचं वाण देणार." आणि नऊ बायकांना तिळगुळाबरोबर एकेक कारभारी दिला. मी बघत होतो. मला वाटलं, बरं झालं, घरातनं गेले.

आता ती गेल्यावर ह्या माघात संगीचा फोन आला. रॉयअण्णांना काही आठवत नाही. मुलाचं नाव विसरतात, जेवलेलं विसरतात. पण ते फोटो विसरले नाहीत. दिवसभर कपाटं उपसतात. देखभालीला ठेवलेल्या बाईनं चोरले म्हणतात. अशा दोन बाया काम सोडून गेल्या.

"ते दिलेले त्यांना आठवत न्हाय, आबा," संगी म्हणाली. "समजावलं की रागावतात, मग रडतात. त्यातला एक हसणारा होता, डोक्याला काही न घातलेला. त्याला तर फारच शोधतात. निदान फोनवर तरी दाखवाल का?"

"दाखवीन की. त्यात काय."

"आणि आबा, आई गेल्याचं त्यांच्यासमोर बोलू नका. दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले."

मी बरं म्हटलं. पण मला खोटं जमत नाही. मी काही हरिश्चंद्र नाही, माझं तोंडच सांगून टाकतं.

येळ्ळूर

सहा कारभारी आमच्याच गावात होते, बाकीचे तीन शालन बाहेरगावी जाऊन देऊन आली होती. म्हटलं, सकाळच्या चहाला सहा जणींकडं जाऊन येऊ, दहा वाजता मोकळा.

पहिली गोदाक्का, आमची शेजारीण. तिच्या देव्हाऱ्यात अंबाबाई, जोतिबा आणि त्यांच्या मधोमध पोलादी टोपडं घातलेला एक कारभारी. टोपड्याच्या जाळीतनं त्याचे डोळे तेवढे दिसत होते. कपाळ कुठं सापडलं नसणार म्हणून कुंकू त्याच्या नाकावर लावलेलं.

"गोदाक्का, ह्यो इथं कशाला?"

"शालन अहेव गेली, आप्पा. कपाळाला कुंकू घेऊन गेली. तिच्या हातचं शेवटचं वाण हाय ते. देव्हाऱ्यात न्हाय तर काय फडताळात ठेवू?"

"ते मला परत पायजे."

गोदाक्कानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी तिच्या गळ्यातलं डोरलंच मागितलं. वाण परत मागत नाहीत, हे मला माहीत होतं. पण ते बायकांचं शास्त्र, आपल्याला काय त्याचं, असं मला वाटत होतं. मी तिला रॉयअण्णांचं सगळं सांगितलं. कपाटं, रडणं, सगळं.

"परत देता येत न्हाय," ती म्हणाली. "पर वाणाला वाण चालतंय. तू दुसरं वाण दे, मी हे दीन."

"मी? मी बाप्या माणूस."

"मग शालनला बोलाव," ती म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावून आत गेली. तिलाच ते लागलं.

म्हणून मी बेळगावला गेलो. बाजारात वाणसामानाची दुकानं ओळीनं आहेत. दुकानदार म्हणाला, "आप्पा, संक्रांत होऊन गेली की." मी म्हटलं, "तुला काय करायचंय?" नऊ चहाची गाळणी घेतली, लाल प्लास्टिकची, जाळीवाली. स्वस्त होती. ती का स्वस्त होती ते गोदाक्कानं तासाभरात दाखवलं. माझ्यासमोर चहा केला, माझ्या गाळण्यातनं गाळला. कपात अर्धा चहा, अर्धी पूड.

"शालननं अमेरिकेचं वाण दिलं," ती म्हणाली. "आणि तू हे."

पण कारभारी दिला. त्याच्या नाकावरचं कुंकू मी तसंच ठेवलं.

दुपारपर्यंत गावात बातमी पसरली होती. पुढच्या पाच घरी मला बघून बाया आधीच हसायच्या. एकीनं गाळणं उजेडात धरून त्यातनं माझ्याकडं बघितलं. दुसरीनं मला पाटावर बसवून मीच तिला हळद लावावी म्हणून सासूला साक्षीला बोलावलं. मी लावली. हळद तिच्या डोळ्यात गेली. सहा कारभारी जमले. ह्याच्यापेक्षा नांगरट सोपी.

बेळगुंदी

बेळगुंदीला शालनचा मावसभाऊ मारुती असतो. म्हणजे माझा मेहुणा. तरुणपणी पैलवान होता, आता गुडघे गेलेत, मिशी तेवढी राहिलीय. मी गेलो तेव्हा सोप्यात रताळ्यांचा ढीग पडला होता आणि त्याच्या मागं हा पाय पसरून बसलेला.

"या दाजी. गाळणं आणलंय न्हवं?"

बातमी माझ्या आधी बसनं पोचली होती.

त्याच्या बायकोला मिळालेला कारभारी त्यानं आरशाच्या चौकटीत खोचला होता. तिथं त्याचा स्वतःचा लंगोटावरचा फोटो, आणि शेजारी हा.

"काढतो मी, पर एक सांगा," मारुती म्हणाला. "रोज दाढी करताना बघतोय. हे गडी खांद्याला उशा का बांधत्यात? आमच्यात लंगोट आणि माती. पडलं तर हाड मोडलं. हे असं गादी घालून झुंजणं म्हणजे काय मर्दाचं काम व्हय?"

मला तो खेळ काय माहीत? पण शालनच्या माघारी कुणी तिच्या रॉयअण्णाच्या खेळाला नावं ठेवतोय म्हटल्यावर मला गप्प बसवेना. मी रताळी मांडली. पाच इकडं, पाच तिकडं, मागं एक जाड. "हे एकमेकांच्या अंगावर जात्यात. ह्यो मागचा कारभारी."

"ह्यो काय करतोय?"

"बघतोय. कोण मोकळा हाय ते बघतोय."

"नुसता बघतोय? आमच्या सोसायटीच्या चेअरमनगत?"

"न्हाय रं, फेकतोय," असं म्हणून मी एक लांबडं रताळं उचललं आणि शालननं मला परड्यात एकदा दाखवलं होतं तसं, कानामागनं फेकलं. तिनं शेणी, म्हणजे गोवरी, फेकून दाखवलं होतं. शेणी लांब जात नाही. रताळं जातं.

ते दाराशी अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीच्या बुट्टीवर जाऊन आदळलं. कोंबडी उठली ती थेट मारुतीच्या डोक्यावर. ज्यानं भल्याभल्यांना अस्मान दाखवलं, तो माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी ढीग ओलांडून परसात पळाला. मागं कोंबडी, त्यामागं मी.

त्याची बायको चुलीपाशी बसून पोट धरून हसत होती. "पळाला की," ती म्हणाली. "उशा न बांधता." तिनं स्वतः उठून आरशातला फोटो काढून माझ्या हातात ठेवला आणि गाळणंसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, एवढं हसणं वर्षाच्या वाणाला पुरतं.

दोन अंडी फुटली. मारुती ती अजून मला ऐकवतो. येताना त्यानं पिशवीभर रताळी दिली ती गुपचूप दिली, बायकोला कळू नये म्हणून, आणि विचारलं, "दाजी, शालनआक्का असं फेकायची?"

"माझ्यापेक्षा लांब," मी म्हटलं. ते खरं होतं.

चिकोडी

चिकोडीची बस भरलेली होती. आता कर्नाटकात बायकांना बसचं तिकीट नाही, त्यामुळं सगळ्या बायका प्रवासात आहेत आणि सगळे बाप्ये उभे आहेत. मी नोटा देऊन उभा होतो, माझ्या शेजारची आजी फुकट बसून मला विचारत होती, "आप्पा, एवढी गाळणी कशाला?" बसवरचे बोर्ड कन्नड, कंडक्टर कन्नड, भांडण मात्र मराठीत चाललेलं. आमच्या भागात शिवी ज्याला जी येते ती तो देतो, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही समजतात.

शालनची भाची रेखा चिकोडीला दिलीय, कन्नड घरात. दारात तिची सासू सावक्का उभी होती. माझी टोपी, धोतर, हातात लाल गाळणी. तिनं दार अर्धं लावून घेतलं.

"याव पार्टी?" तिनं विचारलं. कुठल्या पार्टीचा म्हणून. निवडणुकीत असंच कुणीतरी येऊन डबे वाटून गेलं होतं आणि त्यांची झाकणं बसत नव्हती.

मी कन्नडमध्ये म्हटलं की मी पार्टीचा नाही, रेखाच्या आत्याचा नवरा. तेव्हा "बर्री, कूडरी", म्हणजे या, बसा, करून तिनं आत घेतलं. आमच्याकडं पाहुण्याला 'जेवणार का' म्हणून विचारतात, त्यानं नको म्हटलं की विषय संपला. चिकोडीकडं विचारत नाहीत. हात धुवायला पाणी देतात, पुढं ताट येतं. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, वर दही. खाल्लं. शालन गेल्यापास्नं दुसऱ्याच्या हातचं मी पोटभर पहिल्यांदा खाल्लं असेल. माझ्या हातचं तर कधीच पोटभर होत नाही.

खाताना समोर भिंतीवर बघितलं. चौकट करून, हार घालून, मिशीवाला कारभारी. खाली उदबत्ती.

"मामा, ते तुमचे व्याही," रेखा म्हणाली. "आमच्या सासूबाई रोज दिवा दाखवतात. गल्लीतल्या सगळ्यांना सांगतात, आमच्या सुनेच्या आत्याचा बीगरु परदेशातला हाय." बीगरु म्हणजे कन्नडमध्ये व्याही. "तब्येत बरी नाही असं कळलं, म्हणून हार घातलाय."

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण तोंडात घास असतानाच बोललो. "ह्यो माझा व्याही न्हाय. ह्यो चेंडू फेकणारा कोण तरी हाय. मला नावबी ठाऊक न्हाय."

सावक्कानं रेखाकडं बघितलं. रेखानं सांगितलं. सावक्का उठली, हार काढला, चौकट उघडली, कारभारी माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला. भिंतीवर चौकटीएवढा पांढरा तुकडा राहिला.

"मामा, जरा नंतर सांगायचं होतं," रेखा माझ्या कानात म्हणाली. "दोन वर्षं त्या तुमच्या व्याह्याच्या मिशीचं कौतुक करत आल्यात."

मी खिशातनं फोन काढून सावक्काला खऱ्या रॉयअण्णांचा फोटो दाखवला. संगीच्या बाळाला मांडीवर घेतलेला, टकला, बिनमिशीचा. सावक्कानं बराच वेळ बघितलं. मग कन्नडमध्ये म्हणाली, "हाही वाईट नाही. ह्याचा मोठा काढून पाठवा." आणि दुसरी भाकरी वाढली.

निपाणी

शेवटचा कारभारी निपाणीला. शालनचं माहेर निपाणीचं. लहानपणी ती आणि हौसाबाई शेजारी शेजारी बसून विड्या वळायच्या. शालन लग्न होऊन सुटली, हौसाबाई अजून वळते. नजर गेलीय, पण बोटं चालतात. मी गेलो तेव्हा ती उंबऱ्यात बसलेली, मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू आणि दोऱ्याची रिळं. आणि पानांच्या खाली, कडेला उभा करून ठेवलेला तो हसणारा. तंबाखूनं पिवळा पडलेला.

"दाजी," ती मान वर न करता म्हणाली, "वाण परत न्यायला आलाय न्हवं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"येळ्ळूरपास्नं निपाणीपतुर एकच बोलणं हाय. शालनचा म्हातारा गाळणी वाटत फिरतोय. लोकास्नी वाटतंय, डोक्यावर परिणाम झाला."

मी तिला रॉयअण्णांचं सांगितलं. ती विडी वळत ऐकत राहिली. एक वळून झाली, दोरा बांधला, दुसरी घेतली.

"न्हाय देणार," ती म्हणाली.

"अगं, त्यो म्हातारा रडतोय तिकडं."

"मीबी रडते. मला कोण विचारतंय?" तिनं सूप जरा पुढं सरकवलं. "दाजी, तुमच्याकडं तिचं घर हाय. तिची म्हस हाय, तिची लुगडी हायत, तिची पोरगी हाय. माझ्याकडं काय हाय? लग्नानंतर ती मला कधी काय देऊ शकली न्हाय, म्हणून तिनं त्यातला सगळ्यात चांगला मला दिला. 'हौशे, ह्यो हसतोय बघ, तुझ्यासंगं दिवसभर बसल' म्हणाली. दिसत न्हाय मला आता नीट. पर हाताला लागतोय."

मी गाळणं काढलं.

"ते ठेवा तिकडं," ती म्हणाली.

बायकांशी वाद घालून मी आयुष्यात एकदाही जिंकलो नाही, आणि त्यातली निम्मी वर्षं माझं बरोबर होतं. इथं तर तेही नव्हतं. मी उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो. तिनं चिरमुरे आणि चहा दिला. संध्याकाळी संगीचा फोन आला. आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ.

फोनमध्ये रॉयअण्णा दिसले. दाढी वाढलेली, मागं कपाटाचे सगळे खण उघडे, कपडे खाली. मी एकेक कारभारी फोनसमोर धरला. पहिला धरला, नाकावर कुंकवाचा. रॉयअण्णा पुढं वाकले आणि एक नाव घेतलं. दुसरा धरला, दुसरं नाव. मला त्या नावांतलं काही कळत नव्हतं, पण म्हणायची तऱ्हा कळली. आपण गोठ्यातून गेलेल्या बैलांची नावं घेतो तशी. पोटच्या पोराचं नाव ज्याला येत नव्हतं, त्यानं आठच्या आठ नावं घेतली. संगी मागं उभी राहून तोंडावर हात धरून बघत होती.

आठ संपले. रॉयअण्णा वाट बघत राहिले. मग फोनच्या कडेनं, वरनं, खालनं बघायला लागले. मला कळलं काय शोधतायत.

मी हौसाबाईकडं बघितलं. तिनं हात पुसला, सुपातनं तो हसणारा काढला आणि स्वतःच फोनसमोर धरला. आधी उलट्या बाजूनं, मग डोकं खाली. मी तिचा हात सरळ केला. पण फोटो सोडला नाही तिनं.

रॉयअण्णा हसले. फोटोतला जसा हसतो तसेच, दात दाखवून. कितीतरी वेळ हसत होते. मग त्यांची नजर फोटोवरनं त्या हातावर गेली. सुरकुतलेला, बांगड्या घातलेला बाईचा हात. आणि ते म्हणाले, "शालन?"

एवढं नाव त्यांना नीट येत होतं.

पुढं ते बरंच बोलले.

"काय म्हणतोय त्यो?" हौसाबाईनं विचारलं.

"आबा, ते विचारतायत," संगी म्हणाली, "शालन कुठंय, तिला समोर बोलवा."

माझं तोंड उघडलं. गोदाक्काला खरं सांगितलं, सावक्काला तर न विचारता सांगितलं. एवढ्या लांब जे तोंड गप्प बसलं नाही, ते आता कसं बसणार? मी शब्द जुळवायला लागलो. तेवढ्यात हौसाबाई विडीला दोरा बांधत म्हणाली, "परसाकडं गेलीया म्हणावं."

संगीला हसू आलं की रडू, मला कळलं नाही. दोन्ही असेल. तिनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. रॉयअण्णांनी मान डोलवली, समजल्यासारखी. मग खुर्चीत मागं टेकून बसले.

"काय म्हणतायत?"

"थांबतो म्हणतायत," संगी म्हणाली.

मग आम्ही सगळेच थांबलो. तिकडं ते हात मांडीवर ठेवून, दाराकडं बघितल्यासारखं फोनकडं बघत. इकडं मी फोन धरून. हौसाबाई विड्या वळत राहिली. मला काय झालं कुणास ठाऊक, मीसुद्धा एकदा मागं वळून परसाच्या दाराकडं बघितलं.

पुढं रॉयअण्णांना खुर्चीतच डुलकी लागली. संगीनं फोन हातात घेतला.

"फोटो पार्सल करू का?" मी विचारलं. "आठ हायत. नववा मिळायचा न्हाय."

"नको, आबा. ते काय म्हणाले माहीत आहे? 'तिच्याकडं आहेत होय, मग चांगल्या हातात आहेत.' उद्या हे विसरतील आणि परत कपाटं उपसायला लागतील. उद्या परत दाखवाल?"

"दाखवीन," मी म्हटलं. "रोज दाखवीन. म्हशीची धार काढून झाली की."

उद्या हसणाराही दाखवता यावा म्हणून येळ्ळूरला शेजाऱ्याला फोन करून म्हस त्याच्यावर सोपवली आणि रात्र हौसाबाईच्या सोप्यावर काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी

हौसाबाई सकाळीच वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यात गेली. हसणारा तिनं नेला नाही, सुपात ठेवून गेली. सांगून गेली, "दाखवून झाला की हितंच ठेवा. मी मोजून चाललेय." एकच तर होता.

फोन आला. रॉयअण्णांची दाढी केलेली होती, खण बंद होते. मी सूप पुढं ओढलं आणि पहिला कारभारी उचलला. पण त्यांनी फोटोकडं बघितलंच नाही. दुपारचं जेवण ते विसरले होते, मुलाला 'आपण कोण' म्हणाले होते. कालचा प्रश्न मात्र विसरले नव्हते. "शालन?"

आज शेजारी हौसाबाई नव्हती. माझं मलाच बोलायचं होतं.

"रॉयअण्णा," मी म्हटलं, "ती बाजारला गेलीया. चिकोडीला."

संगीनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांना सांगितलं.

"एकटीच? असं विचारतायत."

"एकटीच. ऐकती का ती कुणाचं?"

हे ऐकून ते मोठ्यांदा हसले आणि जे म्हणाले ते मला भाषेशिवाय कळलं. पण मग त्यांचं हसू थांबलं. बोट माझ्याकडं करून ते मला रागावून काहीतरी बोलायला लागले.

"आबा," संगी म्हणाली, "ते म्हणतायत, मग तुम्ही इथं बसून काय करताय? बाजाराच्या भरल्या पिशव्या ती एकटीनं उचलणार होय?"

"बरोबर हाय त्यांचं," मी म्हटलं. "सांग त्यांना, निघालोच."

हसणारा सुपात ठेवला. आठ कारभारी कोपरीच्या आतल्या खिशात घातले, वहाणा घातल्या, दाराला कडी लावली. निपाणीच्या स्टँडवर घरी जायची, बेळगावची गाडी लागलेली होती, रिकामी होती, बसायला जागा होती. कंडक्टर हाका मारत होता.

मी चिकोडीच्या गाडीत चढलो.